मॉडेलमध्ये बैल नव्हते

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याला दुसरा वजनकाटा घ्यायचा होता. संध्याकाळी केनयार्डातली, म्हणजे उसाची वाहनं थांबतात त्या आवारातली, रांग पार रस्त्यावर यायची, वाहतूकदार रोज भांडायचे. एमडी साहेबांनी मला बोलावलं ते ठरलेल्या खरेदीवर शिक्का मारायलाच, असं मला आजही वाटतं.

गाळप दिवसाला अडीच हजार टन, म्हणजे तासाला साधारण 104. वजनपावत्यांवरच्या वेळा घेऊन मी सिमपायमध्ये, म्हणजे पायथॉन भाषेतल्या रांगांची नक्कल करणाऱ्या साधनात, अख्ख्या यार्डाचं मॉडेल मांडलं: वाहन येतं, भरलेलं वजन, गव्हाणीपाशी (जिथून ऊस मिलमध्ये जातो) रिकामं, रिकाम्याचं वजन, बाहेर. सरासरी वेळा मुद्दाम टाळल्या. पावत्यांत जशा कमीजास्त होत्या तशाच घेतल्या, कारण रांग तुंबते ती त्या चढउतारानंच. मग दुसरा काटा लावून पाहिला. काट्यापुढची रांग उठून गव्हाणीपुढे बसली. गाळप तेवढंच.

पण हे सांगायला तोंड उघडवेना. मॉडेलमध्ये ट्रॅक्टर सात तास थांबत होता, यार्डातल्या रांगेच्या नंबरांच्या वहीत नऊ. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम सोपा आहे: आत सरासरी किती वाहनं आहेत, भागिले तासाला किती येतात, म्हणजे थांबण्याचा वेळ. दिवसरात्र दर तासाला मोजणी केली. सरासरी 36 ट्रॅक्टर, तासाला चार. नऊच. वही खरी होती.

रात्री दोनला शेकोटीपाशी नंबर लावणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "सायेब, तुमच्या मशिनीत बैल हायत का?"

नव्हते. मी सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं होतं. इथे बैलगाडी आली की आधी तीच रिकामी होते. जू मानेवर घेऊन बैल रात्रभर उभे ठेवत नाहीत. हे ना पावतीवर, ना कुठल्या नियमावलीत. बैलगाड्यांना पुढे काढलं आणि मॉडेल नवाच्या आसपास आलं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "रांग शून्य करायला काय लागेल?" मी तसं चालवून दाखवलं. ऊस येतो दिवसा, गाळप चोवीस तास. पडद्यावर मध्यरात्रीनंतर गव्हाण रिकामी आणि मिल बंद. संध्याकाळची रांग हीच रात्रीची शिदोरी होती. मिल न थांबवता रांग कमी करायची तर एकच वाट निघाली: लांबच्या ट्रॅक्टरांना रांगेतले रात्रीचे नंबर आधीच फोनवर द्यायचे.

चीफ केमिस्ट लगेच म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर घरी झोपेल. पण तोडलेला ऊस? तो वाळतोच आहे, साखरेचा उतारा कसा वाढणार?"

बरोबर होतं. तोडणीची वेळ बदलल्याशिवाय उताऱ्याला काही फायदा नाही, हे मी तिथेच कबूल केलं. काट्याची फाईल मिटली आणि उरलेली बैठक तोडणीच्या चिठ्ठ्यांवर, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा यावर, गेली. तिथे शेतकी खातं आणि केमिस्ट यांचं जे जुंपलं, त्याचं मॉडेल माझ्याकडे नव्हतं.