अष्टमीच्या सुकतीत निवतीला

अष्टमी असली की भरती सहाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मालवणजवळच्या देवबागच्या होडीवाल्या काकांनी मला होडीत बसता बसताच शिकवलं. जानेवारीतली सकाळ, सात वाजलेले. सुकती, म्हणजे ओहोटी, नुकतीच लागली होती आणि कर्ली नदीच आम्हाला समुद्राकडे घेऊन निघाली होती. अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी बेताची, उधाण नाही, शिवाय जमिनीवरून येणारा मतलई वारा. छोट्या होडीने निवतीच्या कड्यांखाली शिरायचं तर असाच दिवस हवा.

संगमाबाहेर पाच-सहा होड्या डॉल्फिनच्या मागे धावत होत्या. पाठ दिसली की सगळ्या एकदम तिकडे. मला ते बघवेना. काकांनी होडी भोगव्याच्या पुळणीकडे घेतली. "मशीन बंद करतंय. गप रवा. येतले ते."

वीसेक मिनिटं होडीच्या बुडाशी चुबकणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. मग मागून 'फुस्स' असा आवाज आला, कोणी दमून श्वास टाकावा तसा. वळून बघेपर्यंत राखाडी पाठ बुडाली. पुन्हा वर आली तेव्हा नीट दिसली: पाठीवर कुबड, त्यावर छोटा पर, आणि कुशीला चिकटून पिल्लू. मच्छीमार याला गादा म्हणतात. हा कुबडवाला डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो. आपण मागे लागलो तर त्याने जायचं तरी कुठे? होडी ठरवताना तेवढं एक सांगाच, की पाठलाग नको.

निवतीच्या किल्ल्याखाली पोचलो तेव्हा सुकती जवळजवळ पुरी झाली होती. तांबूस खडकांच्या मधे एक एवढीशी पुळण, जेमतेम दोन होड्या लागतील अशी. ओल्या वाळूवर खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातलेली. मी उकिडवी बसून बघत राहिले. एक खेकडा नखाएवढा, वाळू तोंडात घ्यायचा, त्यातलं खाणं चाळून घ्यायचा आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला सारायचा. माझी सावली हलली की बिळात. पलीकडच्या खडकावर दोन बायका कालवं फोडत होत्या. पाणी चढायच्या आत टोपली भरायची म्हणून त्यांचे हात थांबत नव्हते.

भाकरी आणि सुकटाची चटणी खाताना डोक्यावरून काकण गेलं. समुद्री गरुड, पोट पांढरंशुभ्र, पायात काहीतरी लांबट वळवळणारं. समुद्रसाप असावा, तो त्याच्या आवडीचाच. दूर क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरचं दीपगृह दिसत होतं. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात, आणि त्या घरट्यांचं सूप करतात म्हणून ती चोरली गेली आहेत. तिकडे जायचा मोह झाला, पण ठरवून नाही म्हटलं.

दोन वाजता वारा फिरला, समुद्रावरून यायला लागला. निघालो. संगमाशी काकांनी पुन्हा मशीन बंद केलं. भरती आत शिरत होती. त्यांनी वल्हं नुसतं पाण्यात धरलं आणि सकाळी बाहेर नेणाऱ्या कर्लीने आम्हाला कांदळवनाच्या कडेकडेने देवबागेपर्यंत आणून सोडलं.