गाडी सपाट उभी राहिली आणि मी फसलो

“मिस्त्री, मागून बसलीय. एक-दोन पाटे वाढवा, म्हणजे झालं.” पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या.

गिऱ्हाइकाची मागणी एवढीच असते. पिकअपच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायची खोली, चढवलेला, मागचे टायर मडगार्डला भिडायच्या बेतात, हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर. अशा प्रत्येक गाडीला मी आधी वजनकाट्यावर पिटाळतो. बहुतेकांना राग येतो. पाटे वाढवायला आलो, वजन कशाला? कारण पाटा गाडी उचलून धरतो, तिची ताकद वाढवत नाही. अ‍ॅक्सलचं हाऊसिंग, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं जुनंच राहतं आणि किती भार झेपेल याचा कंपनीने पत्र्यावर ठोकलेला आकडा माझ्या पान्याने बदलत नाही.

या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा होता १८०० किलो. दोघं बसून, पाण्याची टाकी रिकामी ठेवून मागची चाकं काट्यावर १७२५ भरली. मालक खूश. मी विचारलं, टाकी केवढी? ८० लिटर. कुठे? अगदी मागे, दाराखाली. झालं! ८० लिटर म्हणजे ८० किलो खरे, पण टाकी अ‍ॅक्सलच्या ९०० मिलिमीटर मागे लटकलेली आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३१००. सी-सॉसारखा प्रकार. मागच्या चाकांवर १०३ किलो पडतात आणि पुढची चाकं २३ किलोंनी हलकी होतात. मागचा भार १८२८. टाकी मागे ठेवण्याचं एकही धड कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बाहेरून पाइप लावायला सोपं, एवढंच असणार. आम्ही ती पुढे, केबिनलगतच्या बाकाखाली, अ‍ॅक्सलच्या ४०० मिलिमीटर पुढे आणली. भार १७९५. आकड्याच्या आत यायला पाच किलो पुरतात, पण त्या पाच किलोंत एक जादा जॅकसुद्धा बसत नाही, हे मालकाला दोनदा ऐकवलं.

शेजारच्या गॅरेजवाल्याने एअरबॅगचा सल्ला दिला, म्हणजे अ‍ॅक्सल आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) यांच्यामध्ये बसवायच्या हवेच्या पिशव्या. एअरबॅग वाईट नाहीत, पण सगळा जोर चॅसिसच्या एकाच जागी येतो. कॅम्परचा बोजा अ‍ॅक्सलच्या मागे लोंबत असला, की केबिन आणि हौद्याच्या मधोमध चॅसिस वाकते. अशी वाकलेली चॅसिस मी हाताने चाचपलेली आहे. त्यामुळे पाटाच.

पाट्याचं काम मला मनापासून आवडतं. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्याआधी पाट्यांचा सेट क्लॅम्पमध्ये आवळून धरावा लागतो, नाहीतर ताणलेले पाटे फटकन सुटतात आणि मग बोटांचं खरं नाही. नवा पाटा लांबीच्या क्रमाने घातला. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट मी कधीच परत लावत नाही. ते एकदा ताणले गेले की संपले, मग आटे कितीही चकचकीत दिसोत. नटही तिरक्या जोडीने, थोडेथोडे, टॉर्क पान्यावर. आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला धरणाऱ्या कडीचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर पूर्ण वजनानिशी उभी असताना. गाडी स्टँडवर लटकती ठेवून हे बोल्ट आवळले, की खाली उतरवताक्षणी त्यांच्याभोवतीच्या बुशच्या रबराला पीळ बसतो आणि ते काही महिन्यांत फाटतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, बुश डुप्लिकेट होते.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मी टेप लावतो. आधी कॅम्परशिवाय ५६० मिलिमीटर, कॅम्परसह ४६५. काम झाल्यावर कॅम्परसह ५२५. गाडी बघत राहावी अशी सपाट उभी. मालकाने फोटो काढले, पैसे द्यायला हात खिशात घातला. मी म्हटलं, थांबा, ट्रायल राहिलीय.

रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि गाडीने नाक खुपसलं. पुढचे टायर किंचाळले, मागून काहीच नाही. गाडी थांबली, पण माझ्या पायाला जिथे थांबेलशी वाटली होती त्याच्या बऱ्याच पुढे. मला वाटलं, एवढं वजन आहे, असंच होणार. खोटं कशाला सांगू, मी गाडी द्यायला निघालो होतो.

हाताखालचा पोरगा चाकांशी वाकला होता. तो कामात ढिला आहे, म्हणून सकाळीच मी त्याला झापलं होतं. तो म्हणाला, “दादा, पुढच्या डिस्कजवळ हात नेववत नाही, आणि मागचा ड्रम नुसता कोमट आहे.”

मग मी गाडीखाली गेलो आणि ती दांडी दिसली. या गाडीच्या चॅसिसवर एक व्हॉल्व्ह आहे, त्याची बारीक दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. गाडी मागून बसली, की दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह समजतो, माल भरलाय, मागच्या ब्रेकला प्रेशर जास्त सोडा. गाडी वर असली, की समजतो, रिकामी आहे, मागची चाकं जाम होऊन शेपूट फिरेल, प्रेशर कमी करा. तो वजन मोजत नाही, उंची मोजतो. मी गाडी ६० मिलिमीटर उचलली होती आणि गच्च भरलेल्या गाडीला तो एक-तृतीयांशाहून थोडीच जास्त भरलेली समजत होता.

पाट्याच्या खोक्यातल्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती. पण खोक्याला नावं ठेवून काय करू? दांडी माझ्या नाकासमोर होती.

अ‍ॅक्सलकडचं ब्रॅकेट तेवढंच वर घेतलं, ब्रेकच्या पुढच्या-मागच्या दोन्ही लायनींना प्रेशर गेज लावून मॅन्युअलच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. पुन्हा ट्रायल. या वेळी गाडी चारी चाकांवर बसत थांबली. ड्रमही तापले.

पण मला अजून स्वस्थता नाही. कॅम्पर उतरवला, की ही गाडी आता ५९५ वर उभी राहते. नवे पाटे कडक, म्हणून आधी जिथे ९५ मिलिमीटरचा फरक पडायचा तिथे आता ७०. भरलेल्या गाडीला दांडी बरोबर बसवली, तर रिकामी गाडी त्या व्हॉल्व्हला पावभर भरलेली वाटते. ओल्या रस्त्यावर मागची चाकं लवकर जाम होणार. दोन्ही टोकं एका दांडीने जुळत नाहीत. मालकाला मी हे गाडीखाली झोपवून दाखवलं. कॅम्पर उतरवायचा तर आधी इथे यायचं, असं त्याने कबूल केलं आणि स्टिअरिंगजवळ तसं लिहूनही चिकटवलं. तो येईल का, माहीत नाही.

त्या रात्री मी जुनी वही काढली. पाटे वाढवलेल्या अकरा पिकअप निघाल्या. प्रत्येकीपुढे माझ्याच अक्षरात ‘यू-बोल्ट नवीन, ट्रायल ओके’. दांडीचा उल्लेख एकीपुढेही नाही. सकाळपासून फोन लावतोय. सात जण आले. पाच गाड्यांना हाच व्हॉल्व्ह आणि पाचही दांड्या कंपनीने लावल्या तशाच. दोघं म्हणाले, गाडी छान चाललीय, कशाला यायचं? उरलेले दोन नंबर लागत नाहीत.