रिकामा कोपरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आधी उभा राहिला तो पुठ्ठ्याचा एक चौकोन. पाच बाय पाचचा, कात्रीनं जरासा वाकडा कापलेला.

वर्गसमीकरणं शिकवायला घेतली तेव्हा बाईंनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, की सूत्र सगळ्यात शेवटी. पुस्तकात ते छापलेलं होतंच, काहींनी घोकूनही ठेवलं होतं. बाई त्यांना रागावल्या नाहीत, पण सूत्रानं सोडवलेलं गणित तपासायलाही घेईनात. आधी अवयव. बेरीज ७, गुणाकार १२, संख्या कोणत्या? तीन नि चार. हे अंगवळणी पडलं, आणि मग एके दिवशी फळ्यावर आलं:

क्ष² + १०क्ष = ३९

"अवयव पडतात याचे, पण आज पाडायचे नाहीत," असं म्हणून बाईंनी पुठ्ठे वाटले.

क्ष बाजूचा एक चौरस कापायचा. क्ष किती ते ठाऊक नाही, म्हणून बाजू मनाला येईल तेवढी. त्याच्या शेजारी क्ष लांबीची, १० रुंदीची पट्टी. ती तशीच ठेवली तर नुसता आयत होतो. बाईंनी ती मधून उभी कापायला लावली. ५ रुंदीचे दोन तुकडे झाले. एक उजवीकडे लावला, एक खाली. आता चौरस होत आला होता, फक्त खालचा उजवा कोपरा रिकामा.

"तिथं किती बसेल?"

पाच पाचे पंचवीस. डावीकडे २५ घातले तर उजवीकडेही घालायला हवेत. ३९ आणि २५, चौसष्ट. म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, आणि क्ष ३. 'पूर्ण वर्ग पद्धत' हे शब्द आधी ऐकले होते. वर्ग पूर्ण करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्या तासाला दिसलं.

तेवढ्यात, बाईंचं न ऐकता वहीत अवयव पाडून बसलेल्या एका मुलानं हात वर केला. "बाई, मला उणे तेरापण येतंय." बाईंचा चेहरा खुलला. उणे तेराचा वर्ग १६९, त्यातून १३० गेले, उरले ३९. बरोबरच होतं. पुठ्ठ्याची बाजू उणे असत नाही, म्हणून आम्ही ६४ चं उणे आठ हे वर्गमूळ सोडून दिलं होतं. हेच समीकरण नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मीनं असेच चौरस मांडून सोडवलं होतं, आणि तोही ३ वरच थांबला होता, हे बाईंनी तेव्हा सांगितलं.

चाचणीत क्ष² = ७क्ष असं गणित होतं. मी दोन्ही बाजूंना क्षनं भागून ७ लिहिलं. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईत प्रश्न होता, "शून्य कुठं गेलं?" शून्यानं भागायचं नाही हे पाठ होतं, क्ष स्वतःच शून्य असू शकतो, हे मनात आलं नव्हतं. गुण गेले ते रास्तच होतं.

पुढं ३क्ष² + ५क्ष = २ आलं आणि पट्ट्या कापता कापता अपूर्णांकांचा गुंता झाला. तेव्हा बाईंनी श्रीधराचार्यांची रीत दाखवली. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात त्यांचा नियम उद्धृत केला म्हणून तो टिकला. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीनं, म्हणजे इथं १२ नं, सगळं गुणायचं आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. ३६क्ष² + ६०क्ष = २४, दोन्हीकडे २५, की (६क्ष + ५)² = ४९. क्ष एक तृतीयांश किंवा उणे दोन. अपूर्णांक आला तो थेट उत्तरात. इतक्या देखण्या रीती मी त्यानंतरही फार थोड्या पाहिल्या.

सूत्र आधी पाठ केलं की वेळ वाचतो, हे मला मान्य आहे. पण ते विसरलं तर हातात काही उरत नाही. मला ते आजही पाठ नाही. लागेल तेव्हा दोन मिनिटांत मांडता येतं.

कारण शेवटच्या तासाला बाईंनी अंकांच्या जागी अ, ब, क घेऊन, अक्ष² + बक्ष + क = ० पासून सुरुवात करून त्याच ओळी पुन्हा लिहिल्या आणि (२अक्ष + ब)² = ब² − ४अक इथं थांबल्या. उजवीकडच्या ब² भोवती खडूनं चौकट काढली आणि आमच्याकडं वळून विचारलं, "हा कोण?"

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "कोपरा!"