साप्पोरोला जाताना बॅगेत काय भरावं? माझा अनुभव

साप्पोरोच्या ऑफिसचं काम गळ्यात पडलं आणि टोकियोहून माझं तिकडे जाणं-येणं सुरू झालं. कधी फेब्रुवारीत, कधी एप्रिलमध्ये, कधी ऐन ऑगस्टमध्ये. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं हे जवळपास 20 लाख वस्तीचं शहर. जानेवारीचं सरासरी तापमान उणे 3 अंशांच्या आसपास, आणि अख्ख्या हिवाळ्यात पडणारा बर्फ मोजला तर तो 5 मीटरच्या घरात जातो. हे वाचून साताऱ्याचं माणूस सगळ्यात जाड कोट शोधायला निघणारच. पण तिथल्या सहकारी बाईंनी फोनवर आधी विचारलं ते बुटांचं. तळ कसा आहे?

तिथे उतरल्यावर कळलं त्या का विचारत होत्या. ताज्या बर्फावर चालायला काही वाटत नाही. दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, गाड्यांनी दाबलेला बर्फ मात्र काचेसारखा होतो. चौकांत पेट्या ठेवलेल्या असतात, त्यांत बारीक खडीच्या पिशव्या. आपणच पिशवी फोडायची आणि पुढ्यात खडी पसरायची. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टेही मिळतात, पण दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात, म्हणून दर दारात वाकून काढा आणि पुन्हा घाला. मला ते झेपेना. खोल नक्षीचा रबरी तळ, घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे बूट घेतले आणि छोटी पावलं टाकायला शिकले. बुटांना बाजूला चेन असलेली बरी. तिथल्या बऱ्याच खाणावळींत बूट काढून बसायचं असतं. (मोजे फाटके नकोत, हे ओघानं आलंच.)

अंगावरच्या कपड्यांचं गणित वेगळंच. साप्पोरो स्टेशनपासून शहराच्या मध्यावरच्या ओदोरी भागापर्यंत 2011 पासून भुयारी पायवाट आहे, त्यामुळे भर हिवाळ्यातही बराच वेळ जमिनीखालीच जातो. दुकानं, ऑफिसं, भुयारी रेल्वे, सगळीकडे हीटर जोरात. जाड थर्मलवर जाड स्वेटर चढवून आत शिरलं की घामानं भिजायला होतं, आणि त्या ओल्या अंगानं बाहेर आलं की थंडी दुप्पट झोंबते. म्हणून मी आत एक पातळ इनर घालते, त्यावर शर्ट, मग समोरून उघडणारं फ्लीस आणि सगळ्यांवर वारा अडवणारं, टोपी असलेलं जाकीट. टोपी हवीच. भुरभुरीत कोरडा बर्फ पडत असताना तिथले लोक छत्री फारशी उघडत नाहीत, दारात अंग झटकतात आणि आत जातात.

फेब्रुवारीच्या स्नो फेस्टिव्हलला आईला घेऊन गेले. तिला साडीच नेसायची होती.

"अगं, काश्मीरला मी साडीतच फिरले होते."

"आई, काश्मीरला तू घोड्यावर होतीस."

साडीचा काठ बर्फात भिजतो आणि गोठून कडक होतो, हे हॉटेलच्या दारातच दिसलं. मग आत लोकरी लेगिंग्ज, वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि लांब कोट यावर तिनं तडजोड केली. साडी संध्याकाळच्या जेवणापुरती राहिली. ओदोरी पार्कमधली बर्फाची शिल्पं उभ्या उभ्याच बघायची असतात, आणि उभं राहिलं की गारठा जास्त लागतो. 'कायरो' नावाच्या गरम होणाऱ्या पुड्या इनरवर पाठीशी चिकटवल्या. थेट कातडीवर लावायच्या नाहीत, भाजतं. आईनं स्वतः विणलेली कानटोपी मात्र माझ्या महागड्या टोपीपेक्षा सरस निघाली, हे तिनं दिवसभर ऐकवलं.

माझ्या मते सगळ्यात अवघड मार्च-एप्रिल. टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुललेला असतो, तर साप्पोरोत रस्त्याकडेला काळवंडलेले बर्फाचे ढीग आणि पायाखाली रबडी. तिथला साकुरा एप्रिलअखेरीला किंवा मेच्या सुरुवातीला फुलतो. तोवर कोट हलका चालतो, बूट तेच लागतात.

जूनमध्ये जपानच्या इतर भागांसारखा पावसाळा तिथे नसतो, पण संध्याकाळी जाकीट लागतं. ऑगस्टमध्ये दुपारी सुती कपडे पुरतात.

ऑक्टोबरमध्ये पानं रंगतात, आणि महिना संपता संपता पहिला बर्फ कधीही पडू शकतो. तेव्हापासून हातमोजे जाकिटाच्या खिशातच असतात. मोबाइलच्या पडद्यावर चालणारे घ्यावेत, नाहीतर नकाशा बघायला दर वेळी बोटं उघडी करावी लागतात.