माळ आणि मेंदी

मावशाचं वर्षश्राद्ध उरकून आज गंगाखेडहून आले. परभणीपर्यंत एसटीत उभीच होते, पाय ठणकतायत. झोप येत नाहीय ती त्यामुळं नाही.

दुपारी गंगेवरून आल्यावर (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) मावशी देवघरात मावशाची तुळशीची माळ गुंडाळून ठेवत होती. मणी घामानं काळे पडलेले. म्हणाली, "माळ घातल्यापासून मटणाला शिवला नाई, एक एकादशी चुकवली नाई. पांडुरंगाशी इमान राखलं बघ त्यानं. माझ्याशी तेवढं जमलं नाई." राग नव्हता. वाती वळता वळता बोलावं तसं.

इमान म्हणजे मुळात श्रद्धाच, शब्द अरबी. व्यभिचारही तसाच दोन्हीकडं वावरतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात भक्ती 'अव्यभिचारिणी' हवी म्हटलंय. मावशाची तशी होती, हे मान्य करायला मला अजून जड जातं.

कायद्यानं तर मावशीला धरलंच नव्हतं. दंडविधानातलं कलम ४९७ सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये रद्द केलं, तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. तक्रार करायची ती दुसऱ्या बाईच्या नवऱ्यानं. फसवलेल्या बायकोला त्यात जागाच नव्हती. आणि ती बाई तर विधवा, म्हणजे मुळात गुन्हाच नाही.

माझं कुठल्या कलमात बसतं, कोण जाणे.

नऊ वर्षांची होते, उन्हाळ्याची सुट्टी. मावसा सायकलच्या दांडीवर बसवून शेतात म्हणून न्यायचा आणि वाटेत त्या घरी थांबायचा. बाई प्रेमळ होती. ताटलीत सुशीला (फोडणीचे मुरमुरे) द्यायची, शेंगदाणे माझ्या बाजूला सारून. घरी आल्यावर मी आपणहून सांगायचे, "आंब्याखाली बसलो होतो." मला कुणी पढवलं नव्हतं.

एकदा तिनं माझ्या हातावर मेंदी काढली. मधे वाटोळा ठिपका, बोटांची टोकं भरलेली. तशीच घरी आले आणि आंब्याखालचं सांगितलं. मावशीनं माझा हात कंदिलाजवळ धरून पाहिला. कुणी काढली, विचारलं नाही. लिंबू पिळून साखरपाणी केलं आणि कापसाच्या बोळ्यानं एकेका बोटावर लावलं, रंग चढावा म्हणून.

"आज हात धुऊ नको," म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं भाकरी भरवली.