डबक्याची कड

पाऊस थांबला की अंगणातल्या फरशीवर साचलेले पाणी दुपारपर्यंत वाळून जाते आणि ते जिथवर पसरले होते तिथे मातीची एक बारीक, गडद रेघ मागे राहते. माती सगळीकडे सारखी पसरून वाळायला काय हरकत होती? पण तसे होत नाही. ती कडेलाच जाऊन बसते. ही रेघ मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि जलरंग हाताळू लागल्यावर कागदावरची हीच रेघ पुसण्यात माझी कित्येक वर्षे गेली.

जलरंगाचा ओला थर, म्हणजे वॉश, वाळताना त्याच्या कडेला अशीच गडद किनार उमटते. थेंबाची कड आपली जागा धरून बसते, तिथले पाणी लवकर उडते, ती तूट भरायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि जाताना रंगाचे कण सोबत नेते. सांडलेल्या कॉफीच्या डागाला गडद कडे का येते, याचा हा उलगडा शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडला. मला मात्र ही किनार दोष म्हणून शिकवली गेली होती, त्यामुळे ती दिसताच मी ओला ब्रश घेऊन तिच्यावर धावून जात असे, आणि अर्धवट वाळलेल्या रंगात शिरलेले ते नवे पाणी आधीचा रंग बाहेर ढकलून फुलकोबीसारखा डाग पाडत असे. एक रेघ पुसायला जावे आणि पदरात सगळी भाजी पडावी, असा तो प्रकार होता.

निसर्गापासून शिकायचे म्हणजे त्याचे रूप हुबेहूब उतरवायचे, अशी तेव्हा माझी समजूत होती. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५०३ मध्ये जलरंगात रंगवलेला गवताचा तुकडा हा त्या समजुतीचा आदर्श होता. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात असलेल्या या चित्रात नजर जवळजवळ जमिनीला टेकलेली आहे आणि एरवी पायाखाली जाणारी पाती एखाद्या रानासारखी उभी आहेत. मीही एके सकाळी कागद घेऊन गवतापुढे पालथी पडले आणि ट्यूबमधल्या हिरव्या रंगाने कामाला लागले. तासाभरात कागदावर प्लॅस्टिकचे गवत उगवले. मग ब्रश ठेवून नुसते पाहत राहिले, तेव्हा कुठे दिसले, की पात्याच्या तुकतुकीत अंगावर आकाशाचा उजेड पडला की ते निळसर, काही ठिकाणी चक्क राखाडी दिसते, आणि ऊन पात्याच्या आरपार आले की तेच पाते पिवळ्याकडे झुकते. त्या दिवसापासून माझ्या पॅलेटमध्ये तयार हिरवा रंग नाही. निळा आणि पिवळा मिसळायचा, फारच भडक झाला तर त्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे भाजलेल्या मातीचा विटकरी तपकिरी रंग, घालायचा.

तरीही डोळ्यांपेक्षा जास्त मला हातांनी शिकवले, आणि त्याला निमित्त झाली माती. पिवळसर मातीचे एक ढेकूळ मी कुटून पाण्यात ढवळले. जाड रेती क्षणभरात तळाशी गेली. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवले, तर सकाळी तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ बसला होता. तो वाळवून, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि थेंबभर मध घालून काचेवर घोटला, की झाला जलरंग. उरलेला गाळ तव्यावर भाजला तेव्हा त्यातल्या लोहाच्या संयुगांनी धरलेले पाणी निघून गेले आणि पिवळ्याचा विटकरी लाल झाला. कच्च्या सिएनाचा बर्न्ट सिएना होतो तो याच वाटेने. त्याच उत्साहात पाकळ्यांचा रस काढून जांभळ्या छटाही रंगवल्या होत्या. खिडकीजवळ टांगलेल्या त्या चित्राचा काही आठवड्यांत मळकट राखी रंग झाला. माती मात्र आहे तशी आहे. हजारो वर्षे ऊन खाल्लेल्या मातीला खिडकीचे ऊन ते काय!

भांड्यात गाळ बसताना पाहिला होता, म्हणूनच कागदावर बसणारा गाळ मला ओळखू आला. अल्ट्रामरीन निळ्याचे कण पाण्यात पुंजके करतात आणि खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. थॅलो निळ्याचे कण इतके बारीक असतात, की ते तंतूंत मुरून कागद सपाट रंगवतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर पाण्यात मिसळून कागद जरासा तिरका धरला, तर वाळेपर्यंत दोन्ही रंग थोडेथोडे वेगळे होतात आणि नदीकाठची ओली वाळू तिथे आपोआप दिसू लागते. एरवी ती वाळू मी ठिपक्याठिपक्याने काढली असती, आणि ती वाळूसारखी दिसली नसती.

मिठाचे प्रयोग सगळेच करतात, मीही केले. ओल्या रंगाची चकाकी उतरू लागते त्या क्षणी खडे टाकले, तर प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. मात्र तीन चित्रांनंतर त्या चांदण्यांचा कंटाळा येतो. पावसाचा कंटाळा अजून आलेला नाही. ताजा वॉश दिलेला कागद भुरभुर पावसात मिनिटभर धरला, की प्रत्येक थेंब आपल्यापुरता रंग बाजूला सारतो, आणि थेंबांचे आकार आणि त्यांमधली अंतरे इतकी बेहिशेबी असतात, की हाताने तशी मांडायला गेले तर पाचव्या ठिपक्यालाच हाताला शिस्त लागते. अर्थात सर आली तर चित्रही जाते आणि कागदही. चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा जाड सुती कागद वाया गेला की जीव हळहळतो, हे कबूल करायला हवे.

काल पाऊस थांबल्यावर एक कागद मुद्दाम फरशीवर डबक्याशेजारी ठेवला आणि घरच्या मातीच्या रंगाचा एकच सैल वॉश त्यावर सोडला. ब्रश धुऊन आत ठेवून आले. कागद आधी वाळला. त्याची किनार एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जवळपास पुसट अशी आली होती. डबक्याला अजून वेळ होता, म्हणून तिथेच बसून राहिले.