पाल्यावरचा संसार

आपल्याकडे बांधावर आणि पडीक रानात नीलगिरी भरपूर लावली गेली, त्याचं एक कारण म्हणजे शेळी तिला तोंड लावत नाही. शेळीनेच नाकारलं म्हटल्यावर विषय संपला. पूर्व आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र कोआला हा झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी जन्मभर याच पाल्यावर जगतो. नीलगिरीच्या सातशेहून जास्त जाती, त्यातल्या काही डझनच त्याला चालतात आणि एकेका भागात खरी आवड तीन-चार झाडांचीच. क्वीन्सलंडमधलं त्याचं लाडकं टेरेटिकॉर्निस म्हणजे आपली म्हैसूर नीलगिरी. शेळीने ओवाळून टाकलेलं तिथे मानाचं पान!

कोआला दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि मग घरातल्या कॉलेजकुमाराला त्याचं नाव चिकटतं. यात कोआलावर अन्याय होतो. या पाल्यात तेलं, टॅनिन आणि बाकी विषारी द्रव्यं रग्गड, प्रथिनं जेमतेम, उरलेला सगळा चोथा. रोज अर्धा-पाऊण किलो खाऊनही हाती थोडंच लागतं. मिळकतच एवढीशी, मग उधळणार काय?

जे मिळतं तेही सहज मिळत नाही. आधी प्रत्येक पान हुंगायचं, पसंत पडलं तर बारीक दळायचं. मग ते आतड्यात आपल्याला जिथे अपेंडिक्स असतं तिथल्या पिशवीत जातं. कोआलात ही पिशवी सुमारे दोन मीटर लांब असते. तिथले जिवाणू चोथा कुजवून त्यातून काहीतरी पदरात पाडून देतात. विषाचा निकाल यकृत लावतं. 2018 साली कोआलाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा विष फोडणाऱ्या जनुकांचं एक कुटुंब त्याच्यात चांगलंच वाढलेलं आढळलं.

हे जिवाणू पिल्लाला जन्मतः मिळत नाहीत. साधारण 35 दिवसांच्या गर्भवासानंतर पिल्लू बाहेर येतं ते दोन सेंटीमीटरचं, आंधळं आणि बिनकेसांचं. तसंच सरपटत ते आईच्या पोटावरची पिशवी गाठतं. सहा महिने दूध झालं, की आई नेहमीच्या कोरड्या लेंड्यांऐवजी मऊ, पातळसर विष्ठा टाकू लागते. इंग्रजीत तिला पॅप म्हणतात. पिशवीचं तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे पिल्लू डोकं बाहेर काढून ती थेट खातं. वाचताना नाक मुरडलं तरी हरकत नाही, पण या उष्टावणाशिवाय पाला पचत नाही.

म्हणूनच डॉक्टरांचीही पंचाईत होते. क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूच्या संसर्गाने कोआलाचे डोळे जातात, मूत्रमार्ग सुजतो, माद्या वांझ होतात. अँटिबायोटिक द्यावं तर आतड्यातले जिवाणूही मरतात आणि पोटात पाला असून कोआला उपाशी राहतो. त्यातून ते तरबेज यकृत काही औषधंही विष समजून झपाट्याने निकालात काढतं. म्हातारपणी दात झिजून सपाट होतात, तेव्हाही उपासमारच. पाला दळलाच जात नाही.

कडक उन्हात तो बुंध्याला छाती-पोट टेकून पसरतो. बघणाऱ्याला वाटतं मिठी मारलीय. खरं तर बुंधा हवेपेक्षा गार असतो आणि धापा टाकून पाणी वाया घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. वणव्यात होरपळलेल्या कोआलाची मान वर करून बाटलीने पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाऊन तो दगावू शकतो. पसरट भांड्यात समोर ठेवावं, तो आपला चाटून पितो.

मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेलेल्या आजी-आजोबांना कोआला कडेवर घेतलेला फोटो हवा असतो. न्यू साउथ वेल्समध्ये त्याला बंदी आहे, आणि ब्रिस्बेनच्या लोन पाइन अभयारण्यानेही 2024 पासून ते बंद केलं. त्यापेक्षा रानातला शोधावा. गुळगुळीत सालीवर नखांचे ओरखडे दिसले, की झाडाखाली लेंड्या शोधाव्यात. लांबट, कडक, साधारण दीड सेंटीमीटरच्या असतात. लेंडी ताजी आहे का, हे चुरडून हुंगलं की कळतं, नीलगिरीचा वास येतो. हा उपाय सांगून झाला, की बहुतेक पाहुणे एकदम मान वर करून फांद्या न्याहाळू लागतात.